अहो, आई आणि कोबी

आमच्या सांगलीत सत्काराला माणूस कमी पडला असं कधी झालेलं नाही. निवृत्त झालेले, पुरस्कार मिळालेले, पुरस्कार मिळेल अशी वदंता असलेले, अशा सगळ्यांचे सत्कार होतात आणि प्रत्येक सत्काराला एक निवेदिका लागते. सहकारी बँकेतली नोकरी सांभाळून ते काम बरीच वर्षं मी करते. मानधन म्हणून शाल आणि नारळ मिळतो, त्यामुळे घरात नारळाच्या वड्या बारमाही असतात. पण गाव साधं नव्हे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथे ‘सीता स्वयंवर’ रंगवलं, तेव्हापासून इथला प्रत्येक प्रेक्षक स्वतःला परीक्षक समजत आलाय. तुमचा पोटफोड्या ‘ष’ जरा शहामृगाच्या ‘श’कडे झुकला, की तिसऱ्या रांगेतले एक निवृत्त मुख्याध्यापक कार्यक्रमानंतर पोह्यांची बशी घेऊन तुम्हाला गाठतात आणि ‘षष्ठी’ हा शब्द पुन्हा म्हणायला लावतात.

अशा गावात राहून, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, मी दातांना तारा लावून घेतल्या.

निमित्त मुलीचं होतं. तिला मिरजेला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं, तिथे मी कशालातरी हसले, आणि डॉक्टरांचं लक्ष तिच्या तोंडावरून माझ्या तोंडाकडे गेलं. “तुमचंही करून टाकू, हल्ली वयाचं काही नसतं,” ते म्हणाले. तारांच्या काळाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. दुखलं, भडंग सुटलं, फोटोत ओठ मिटून उभी राहिले. बोलणं मात्र जवळजवळ शाबूत होतं. तारा दातांच्या बाहेरच्या अंगाला असतात आणि मराठी भाषा, हे मला पुढे कळलं, दातांच्या आतल्या अंगाला राहते.

तारा निघाल्या त्या दिवशी मी पेढे घेऊन गेले होते. डॉक्टरांनी पेढा खाल्ला, हात धुतले आणि गुलाबी लगदा भरलेला साचा माझ्या तोंडात दाबला. “रिटेनरचं माप,” ते म्हणाले. दात एकदा सरळ झाले की सरळ राहतात, अशी माझी भाबडी समजूत होती. तसं नसतं. दात हाडात रुतून बसलेले नसतात, बारीक तंतूंनी टांगलेले असतात. दात सरकवले की हे तंतू ताणले जातात आणि संधी मिळताच दाताला जुन्या जागी ओढू लागतात. नव्या जागेशी जुळवून घ्यायला त्यांना महिने लागतात, हिरडीतल्या काहींना तर वर्षभर. तोवर दातांना धरून ठेवायला रिटेनर. आणि नंतरही, वयानुसार दात सरकत राहतातच म्हणून, रात्री रिटेनर. “किती दिवस?” मी विचारलं. “दात आहेत तोवर,” डॉक्टर पेढ्यांच्या खोक्याकडे बघत म्हणाले.

मुलीला मिळाला तो पारदर्शक. नुसत्या दातांवर चढतो, लांबून दिसतही नाही. मला मिळाली ती हॉलीची प्लेट, कारण माझ्या दाढा अजून एकमेकींवर नीट टेकायच्या होत्या आणि त्यासाठी त्या उघड्या राहायला हव्या होत्या. चार्ल्स हॉली नावाच्या अमेरिकन दंतवैद्यानं १९१९ साली हिची माहिती छापली. पुढच्या दातांवरून एक आडवी तार, दाढांना धरणारे तारेचेच आकडे, आणि हे सगळं ज्यात बसवलेलं असतं तो टाळूवरचा अक्रिलिकचा पत्रा. मुलांसाठी निळ्या, हिरव्या, चमकी घातलेल्याही प्लेटा मिळतात. मी सोज्वळ गुलाबी घेतली. हॉलीसाहेबांबद्दल मला आदर आहे, शंभर वर्षं झाली तरी त्यांची रचना फारशी बदलावी लागलेली नाही. पण माणूस इंग्रजीत बोलणारा. त्यांच्या भाषेत ‘ळ’ नाही, आपले दोन ‘च’ नाहीत, आणि सन्माननीय व्यासपीठही नाही.

“बोला काहीतरी,” प्लेट बसवून डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, “डॉक्टर, हे सगळं असंच राहणार का?” म्हणजे मी हे म्हटलं. बाहेर जे आलं ते लिहून दाखवता येत नाही. देवनागरीत प्रत्येक ध्वनीला अक्षर आहे असा आपल्याला अभिमान आहे, पण त्या वाक्यातल्या निदान सहा ध्वनींना अक्षर नव्हतं. शिवाय तोंडात काही आलं म्हणजे ते खायचंच असणार, अशी लाळग्रंथींची पक्की समजूत असते. त्या कामाला लागल्या. मदतनीस मुलीनं न बोलता टिश्यूचा डबा पुढे केला. “दोन-तीन आठवड्यांत जीभ सवय करून घेईल,” डॉक्टर म्हणाले. “घरी मोठ्यानं वाचत जा.”

बिघाड नेमका कुठे होतो ते मी समजून घेतलं, कारण हा माझ्या पोटाचा नसला तरी नारळाच्या वड्यांचा प्रश्न होता. ‘स’ म्हणताना जीभ मधोमध एक बारीक पन्हळ करते, त्यातून हवेची धार दातांच्या कडेवर सोडते आणि ती शीळ घालते. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी जुळवताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे सांगायला नको. घोडीवर तारेखाली सुताचा एक धागा असतो, तो केसभर पुढे सरकला की तार गाते आणि केसभर मागे गेला की नुसती वाजते. माझ्या तोंडात केसभर नव्हे, चांगला दोन मिलिमीटर जाडीचा पत्रा आला होता. जिभेला वाटे, टाळू अजून लांब आहे. टाळू तिच्याआधीच पोचलेला असे. धार बाजूंनी सांडे, आणि ‘सांगली’ म्हणायला गेलं की प्रेशर कुकरची शिट्टी नीट न बसल्याचा आवाज येई. ‘मिरज’सुद्धा धड येईना. आमच्या महापालिकेचं नाव सांगली, मिरज आणि कुपवाड अशा तिघांचं मिळून आहे. त्यातलं एकटं कुपवाड मला जमे, तेही ‘ड’च्या अलीकडेपर्यंत.

आपली वर्णमाला हा मुळात तोंडाचा नकाशाच आहे, हे शाळेत कुणी तरी सांगितलं होतं आणि मी ते परीक्षेपुरतं ऐकलं होतं. जुन्या शिक्षाग्रंथांनी अक्षरं लावली ती घशापासून ओठांकडे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. आता प्लेट कुठे बसते बघा. घसा मोकळा, ओठ मोकळे. मधले तीन वर्ग, म्हणजे च, ट आणि त, तिच्याखाली गाडले गेले. वर्गांतल्या पंचवीस व्यंजनांतली पंधरा तिथेच गेली. वर य, र, ल, श, ष, स आणि ळ. उरले ते कवर्ग, पवर्ग, ‘व’, ‘ह’ आणि स्वर. एवढ्या भांडवलावर संसार करायचा होता.

तर तो करता येतो, असं मला आढळलं. मी नवऱ्याला ‘अहो’ म्हणते. ‘अहो’मध्ये जिभेला काही कामच नाही. सासूबाईंना ‘आई’ म्हणते, त्यात तर व्यंजनच नाही. आमच्या पूर्वजांनी नवऱ्याचं नाव घेऊ नये असं का ठरवलं असेल, हे मला आत्ता उमगलं. ह्यांचं नाव सच्चिदानंद आहे. काका, काकू, मामा, मामी, बाबा ही मंडळीही सुखरूप राहिली. आत्या, मावशी, वहिनी, नणंद, जाऊ आणि सासू मात्र दुरावल्या, त्यातल्या काहींच्या बाबतीत मी फारसा शोक केला नाही. मुलीचं नाव हौसेनं ऋचा ठेवलं होतं. तिला पहिल्या आठवड्यात मी “ए” एवढंच म्हणत असे, आणि ती नेहमीप्रमाणे ओ देत नसे.

खाण्यापिण्याचंही तसंच. चहा मागता येईना, कॉफी मागता येई. नाश्त्याला पोहे. मंडईत भाजीवालीसमोर उभी राहिले तर दोडका, गाजर, शेपू, तोंडली, पडवळ सगळं समोर मांडलेलं, आणि माझ्या तोंडून निर्दोष बाहेर पडणाऱ्या भाज्या दोनच, कोबी आणि वांगी. कृष्णाकाठच्या वांग्यांना नावं ठेवण्याची माझी प्राज्ञा नाही. पण त्या दिवसांत आमच्याकडे एका दिवशी वांगी आणि दुसऱ्या दिवशी कोबी असं चाललं होतं आणि ह्यांनी एकदा मुकाट्यानं जाऊन स्वतःच दोडकी आणली. शिवाय एक नवाच प्रकार झाला. आपल्याला ‘चमचा’तला दातांजवळचा ‘च’ आणि ‘चार’मधला टाळूवरचा ‘च’ असे दोन आहेत. प्लेटेमुळे पहिल्याची जागाच गेली आणि तो दुसऱ्यात जाऊन राहिला. त्यामुळे “जरा चांगली बघून द्या” हे वाक्य मी कानपुराहून कालच उतरल्यासारखं म्हटलं. वीस वर्षांच्या ओळखीची भाजीवाली क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, “कितना देऊ, भाभी?”

सगळ्यात मोठा घोटाळा ‘हो’ आणि ‘नाही’चा. ‘हो’ स्वच्छ येतो, त्याला घसा पुरतो. ‘नाही’तला ‘न’ मात्र जीभ दातांमागे नीट टेकल्याशिवाय उभा राहत नाही, आणि तिथेच पत्रा. आता कल्पना करा, तुमचं ‘हो’ खणखणीत ऐकू येतं आणि ‘नाही’ म्हणजे काहीतरी पुटपुटल्यागत. सोसायटीच्या बैठकीत चेअरमननी विचारलं, गणपतीच्या वर्गणीचं काम वहिनी घेतील का? मी नाही म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं. बँकेत साहेबांनी शनिवारी यायला जमेल का विचारलं, तेव्हाही तेच. शेवटी मला सरकारी खात्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला शब्द सापडला. ‘बघू’. ‘ब’ ओठांचा, ‘घ’ घशाचा, प्लेटेला कुठेही न लागता बाहेर येणारा संपूर्ण मराठी नकार. माझं निम्मं संकट तिथेच टळलं.

ऋचाला तोवर काही झालेलंच नव्हतं. पहिल्या दिवशी तीही बोबडी बोलली, मग चार-पाच दिवसांत पारदर्शक रिटेनर घालून मैत्रिणीशी तासभर फोनवर खिदळू लागली. एक तर तिच्या टाळूवर पत्रा नाही, आणि दुसरं, चौदा वर्षांच्या जिभेला कुठली सवय अजून कायमची लागलेली नसते. माझी हालत बघून तिला शास्त्रीय कुतूहल वाटलं. तिनं कुठेतरी वाचलं होतं की जीभ टाळूला कुठे टेकते ते टाळूला भुकटी फासून बघता येतं. ही खरंच जुनी विद्या आहे. १८७०च्या दशकात इंग्लंडमध्ये ओकली कोल्स नावाच्या दंतवैद्यानं डिंकात पीठ कालवून ते टाळूला लावलं आणि अक्षरं म्हणून जिभेच्या खुणा तपासल्या. मग अमेरिकेतल्या नॉर्मन किंग्जलींनी त्यासाठी खोटा टाळूच घडवला. पुढे तर अशा खोट्या टाळूत बासष्ट विजेरी ठिपके बसवून जिभेचा स्पर्श पडद्यावर दाखवणारी यंत्रंही आली. म्हणजे माझ्या तोंडातल्या पत्र्याची चुलत भावंडं विद्यापीठांतून उच्चारशास्त्राची सेवा करत होती आणि हा मात्र माझा उच्चार मारत होता.

ऋचानं प्लेट कोरडी केली, केक करून उरलेली कोको पावडर त्यावर भुरभुरली आणि माझ्या तोंडात बसवली. “म्हण, ‘माझा’.” मी म्हटलं. तिनं प्लेट काढून मोबाइलवर फोटो घेतला. पुसून पुन्हा भुरभुरली. “आता ‘माझी’.” दोन फोटो शेजारी ठेवले तर खुणा खरोखरच वेगळ्या. ‘माझा’चा डाग दातांना चिकटून, ‘माझी’चा मागे सरकून पसरलेला. लिहिताना एकच ‘झ’, आणि जीभ मात्र आयुष्यभर मला न विचारता दोन ठिकाणी जाऊन येत होती. मग ‘ळ’ बघितला. त्याची खूण पार मागे, जीभ उलटी वळून टेकलेली. आम्ही दोघी त्या चॉकलेटी डागांत अशा रमलो की सासूबाई देवघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “अगं, जेवायच्या आधी चॉकलेट खाऊ नका.”

सासूबाईंना मात्र माझ्या दुःखाची खरी जाण होती. त्यांना कवळी आहे. कवळीचाही पत्रा टाळूवरच बसतो, फक्त त्यांच्या वेळी कुणी दोन-तीन आठवड्यांचा वायदा केला नव्हता. “मी रामरक्षा म्हणत असे,” त्या म्हणाल्या. “रोज, मोठ्यानं, घाई न करता. पंधरवड्यात सुटली जीभ.” उच्चारासाठी लहान मुलांकडून रामरक्षा म्हणून घेणाऱ्या घरांत, अठ्ठ्याहत्तरीतली सासू सेहेचाळीसच्या सुनेकडून ती म्हणून घेते आहे, हे दृश्य आमच्या शेजाऱ्यांनी भिंतीला कान लावून अनुभवलं. बेसिनवरच्या फळीवर आता दोन डब्या शेजारी शेजारी आहेत. ऋचानं त्यांवर ‘आजी’ आणि ‘आई’ अशा चिठ्ठ्या डकवल्या. दोघींनाही गरम पाणी चालत नाही, हा नियम मला आधी त्यांनी सांगितला, नंतर डॉक्टरांनी. प्लेट तापते आणि वाकडी होते.

ह्यांचा विषय इतिहास. त्यामुळे मला धीर द्यायला ते थेट अथेन्सला गेले. डेमॉस्थेनीस नावाचा थोर वक्ता तोंडात खडे धरून बोलायचा सराव करत असे आणि त्यामुळे त्याची जीभ सुधारली, असं प्लुटार्कनं लिहून ठेवलंय, हे त्यांनी मला जेवताना सांगितलं. माझा त्यावर एकच आक्षेप आहे. डेमॉस्थेनीसला कंटाळा आला की तो खडे थुंकू शकत होता. आणि त्याला पुढच्या महिन्यात खडे दाखवायला कुणी बोलावलं नव्हतं.

एवढ्यात सत्कार आला.

आता तुम्ही म्हणाल, तासाभरासाठी प्लेट काढून पर्समध्ये ठेवायची. मी हेच म्हटलं होतं. पण सत्कार आमच्या दातांच्याच डॉक्टरांचा होता. गावातल्या एका संस्थेनं त्यांना रुग्णसेवेसाठी गौरवायचं ठरवलं होतं, आणि संयोजकांनी मला संहिता पाठवली, त्यात पहिलंच वाक्य ‘सुप्रसिद्ध दंतशल्यचिकित्सक’ असं होतं. ज्यानं हा शब्द घडवला त्याचे स्वतःचे दात नक्की सरळ असणार. “जेवणाव्यतिरिक्त काढायची नाही” असं ज्या माणसानं मला बजावलं होतं, तो पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसणार होता, आणि त्याची नजर लोकांच्या डोळ्यांकडे कधीच नसते.

मी रात्रभर संहितेची शस्त्रक्रिया केली. मराठी समारंभाची भाषा कुणीतरी माझ्यावर सूड उगवायलाच रचली असावी. सन्माननीय, व्यासपीठ, सरस्वतीपूजन, दीपप्रज्वलन, ज्येष्ठ, श्रेष्ठ, अध्यक्षस्थान, शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, ऋणनिर्देश. यातला एकही शब्द घसा आणि ओठ यांच्या बळावर निभत नाही. ‘दीपप्रज्वलन’ काढून ‘दिवा लावू’ घातलं, ‘व्यासपीठ’ काढून ‘मंच’ घातला, मग लक्षात आलं की ‘मंच’ही गेलाच. ‘शाल-श्रीफळ’ला पर्याय मिळेना. शेवटी तिथे मी कंसात लिहिलं, ‘हातानं दाखवणे’.

कार्यक्रमाला सभागृह भरलेलं होतं. माइकला माझ्या ‘स’ची आवड असावी, त्यानं तो जसाच्या तसा उचलून मागच्या भिंतीपर्यंत नेला. पहिल्या वाक्याला ध्वनिव्यवस्थेवाल्यानं वायर तपासली. दुसऱ्या वाक्याला माइक बदलला. तिसऱ्या वाक्यापासून सगळ्यांना कळलं की दोष विजेचा नाही. मी पुढे जात राहिले, कारण थांबलं की लाळ गिळावी लागते आणि तो आवाजही माइकला आवडत असे. शालीच्या वेळी ठरल्याप्रमाणे हातानं दाखवलं. अध्यक्षांना वाटलं त्यांनाच बोलावतेय, ते उठून उभे राहिले आणि शाल त्यांच्या खांद्यावर गेली. ती काढून पुन्हा डॉक्टरांना घालेपर्यंत टाळ्या दोनदा झाल्या.

उत्तरादाखल डॉक्टर उभे राहिले. ते भारावले होते. “या गावानं माझ्यावर प्रेम केलं,” ते म्हणाले, “पण माझा खरा सत्कार आज कोणी केला असेल, तर आपल्या निवेदिकेनं. रुग्ण कार्यक्रमासाठी प्लेट काढून ठेवतात, मला माहीत आहे. यांनी काढली नाही. अशी शिस्त असेल तर दात कशाला हलतील?” मग त्यांनी मला उभं राहून हसून दाखवायला सांगितलं. पाचशे माणसांसमोर मी हसले. तार चमकली असेल. कडकडून टाळ्या पडल्या, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नंबर लावायला फोन लागत नव्हता म्हणे.

पोह्यांच्या वेळी मुख्याध्यापक बशी घेऊन येताना दिसले. पळायला जागा नव्हती. “ताई,” ते गंभीरपणे म्हणाले, “गेली कित्येक वर्षं तुमचं निवेदन ऐकतोय. आज पहिल्यांदा तुमचा पोटफोड्या ‘ष’ जिथून यायला हवा तिथून आला.” पत्र्यानं जीभ मागे ढकलली होती, ती मूर्ध्याशी जाऊन पोचली होती. पाणिनीला जे करून घ्यायचं होतं ते एका अक्रिलिकच्या तुकड्यानं केलं. मी त्यांचे आभार मानले. ते त्यांना कळले नाहीत.

हळूहळू जीभ वळणावर आली. आधी ‘त’ आणि ‘द’ परतले, मग ‘ल’, मग ‘च’ची दोन बिऱ्हाडं पुन्हा वेगळी झाली, ‘स’ सगळ्यात शेवटी. बँकेच्या काउंटरवर लोक पुन्हा एकदाच विचारू लागले. एक गोष्ट मात्र फार दिवस अडली, ती म्हणजे आकडे. मराठीतले एक ते दहा म्हणून बघा आणि जीभ कुठे कुठे जाते ते बघा. दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा, प्रत्येक वेळी ती पुढे धावते. टाळूला न शिवता येणारा आकडा आपल्याकडे एकच आहे, आणि तो ‘एक’च आहे. गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला मुलगा दारात उभा राहून मोबाइलवर आलेला क्रमांक विचारत असे आणि मी सांगत असे सात, नऊ, सहा, चार. तो दाबत असे साठ काय, आठ काय, जे त्याला योग्य वाटेल ते. तिसऱ्यांदा चुकल्यावर यंत्रानं त्याला थांबायला सांगितलं आणि त्यानं मला. मग मी बोटांवर दाखवू लागले, पण ‘नऊ’ दाखवताना हातातला मोबाइल खाली ठेवावा लागे, आणि मग क्रमांक विसरे.

आता प्लेट फक्त रात्री असते. लोकांना वाटतं, रात्री कुठे बोलायचं असतं? ज्यांचा संसार वीस वर्षांचा झालाय त्यांना असं वाटत नाही. घरातले महत्त्वाचे मतभेद दिवा मालवल्यावरच निघतात, कारण दिवसभर कुणाला वेळ नसतो. ह्यांनी एखादं वाक्य टाकायचं, “तुझ्या भावाला काय कमी आहे, तो देईल की,” असं काहीतरी, आणि माझ्याकडे चोख उत्तर तयार असायचं. पण ते उत्तर स, च आणि त यांनी भरलेलं. ते द्यायचं तर उठायचं, प्लेट काढायची, धुवायची, डबीत ठेवायची, तोंड पुसायचं, परत यायचं. तोवर हे घोरत असत. शिवाय डबीचं झाकण उघडताना ‘टक्‌’ असा आवाज होतो, आणि मला संशय आहे की घोरणं त्या ‘टक्‌’नंच सुरू होत असे. आमच्यातली कित्येक भांडणं अशी डबीपाशी विझली. समुपदेशनवाले लोक याचे पैसे घेतात.

हा एकतर्फी कारभार फार दिवस टिकला नाही. ह्यांना झोपेत दात खाण्याची सवय आहे. मी एकदा डॉक्टरांना सहज सांगितलं, डॉक्टरांनी ह्यांना बोलावलं, आ करायला लावला आणि झिजलेल्या दाढा दाखवून त्यांनाही एक रात्रीची प्लेट दिली. त्यांची जाड आहे. ते पहिल्या रात्री आरशात बघून म्हणाले ते मला कळलं नाही, पण सूर शिवाजी महाराजांविषयी बोलताना लागतो तो नव्हता.

परवा एप्रिलातली रात्र होती. वीज जाऊन आली होती, पंखा मंदावलेला, सांगलीत असावा तेवढा उकाडा. रेग्युलेटर त्यांच्या बाजूला आहे.

“अहो, पंखा,” मी म्हटलं. दोन्ही शब्द शुद्ध आले.

“हं?” म्हणजे, कितीवर?

“चार.”

“हं?”

“चार! चार नाही तर पाच!”

“आं?”

मी अंधारात चार बोटं वर धरली. अंधारात ती कुणाला दिसणार. शेजारून बराच वेळ रेग्युलेटर चाचपडल्याचा आवाज आला आणि मग अगदी स्पष्ट, खणखणीत प्रश्न.

“एक?”

डबी बेसिनवर होती. उठायचा कंटाळा आला होता.

“हो,” मी म्हटलं.